जमातीचा पुरावा कोणी द्यायचा? धारवाड-हुबळीच्या विद्यापीठांना खुले पत्र

गोकुळ रोड, हुबळी

प्रति,
माननीय कुलगुरू, कुलसचिव आणि प्रवेश समित्यांचे सर्व सदस्य,
धारवाड-हुबळी परिसरातील विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये



उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि जोयडा या तालुक्यांच्या रानवस्त्यांतून पदवीच्या शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याची वाट बहुधा धारवाड-हुबळी या जुळ्या शहरांतच येऊन पोहोचते, कारण तो जिल्हा 1949 साली स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो आणि अंकोला-यल्लापूर-कलघटगी असा येणारा महामार्गही हुबळीतच उतरतो. गोकुळ रोडवर बसस्थानक, वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय, औद्योगिक वसाहत, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि विमानतळ अशा गोष्टी एकाच रस्त्याच्या कडेने उभ्या असल्यामुळे, वस्तीवरून आलेल्या तरुणासमोर शिक्षणाचा आणि मजुरीचा असे दोन्ही मार्ग काही किलोमीटरांच्या अंतरात खुले असतात, आणि त्यांपैकी कोणता त्याच्या वाट्याला येईल हे पुष्कळदा त्याच्या गुणांपेक्षा त्याच्या हातातील कागदांवर ठरते. प्रस्तुत पत्र या कागदांविषयी आहे. त्यातील तक्रार कोणा एका संस्थेविरुद्ध नसून, जो प्रश्न सोडवायला भारतीय राज्यसंस्थेला पन्नास ते सत्तर वर्षे लागली त्याचे उत्तर अठरा वर्षांच्या अर्जदाराकडून काही आठवड्यांत मागणाऱ्या सर्वमान्य प्रथेविरुद्ध आहे.

विषय नीट समजण्यासाठी प्रथम ‘अनुसूचित जमात’ म्हणजे काय ते स्पष्ट असावे लागते. राज्यघटनेच्या 342 व्या कलमानुसार राष्ट्रपतींनी जाहीर केलेल्या यादीत ज्या समाजाचे नाव आहे तो त्या राज्यापुरता अनुसूचित जमातीत गणला जातो, आणि एकदा जाहीर झालेल्या या यादीत भर घालण्याचा किंवा त्यातून नाव वगळण्याचा अधिकार केवळ संसदेला असतो. पहिली यादी 6 सप्टेंबर 1950 रोजी निघाली, तेव्हा धारवाड आणि उत्तर कन्नड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले आणि त्यांच्याबरोबर मुंबई राज्याच्या यादीतील नावेही गेली. त्यामुळे आजच्या कर्नाटकाच्या यादीत वारली, काथोडी, ढोर कोळी, गामित, दुबळा आणि राठवा ही ठाणे-सुरत-बडोदे पट्ट्यातील नावे दिमाखाने उभी आहेत, तर धारवाडपासून बसने सकाळी निघून दुपारच्या आत पोहोचता येईल अशा जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सिद्दी समाजाचे नाव त्या यादीत यायला जानेवारी 2003 उजाडावा लागला. त्या वेळीही नोंद झाली ती ‘उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी’ अशी. ज्या सिद्दी कुटुंबांची घरे जिल्ह्याच्या रेषेच्या अलीकडे, म्हणजे धारवाड जिल्ह्याच्या कलघटगी तालुक्यात किंवा बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होती, ती कायद्याच्या दृष्टीने जमात ठरली ती 2020 च्या दुरुस्तीने. मामाचे घर यल्लापूर तालुक्यात असलेला विद्यार्थी जमातीच्या राखीव जागेवर शिकतो आणि त्याच कुळातला कलघटगीचा भाचा जमातीच्या गटाबाहेर अर्ज भरतो, अशी स्थिती कायद्याने सतरा वर्षे शक्य ठेवली होती, आणि हुबळी शहर स्वतः धारवाड जिल्ह्यात असल्यामुळे हा प्रकार विद्यापीठाच्या अगदी अंगणात चालू होता.

सिद्दी हे पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज असून, त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातून निसटून सह्याद्रीच्या जंगलात येऊन वसले. समुद्रापलीकडून आलेल्या माणसांचे वंशज ‘आदिवासी’ कसे, असा प्रश्न सुशिक्षित मंडळीही मोठ्या कुतूहलाने विचारतात, परंतु अनुसूचित जमात हा प्राचीनत्वाचा दाखला नसून वंचिततेची आणि वेगळेपणाची शासकीय नोंद आहे, हे ज्यांनी प्रवेशाच्या फायली हाताळायच्या त्यांना तरी ठाऊक असावे. या समाजात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, हल्याळ भागात ख्रिस्तीही मोठ्या संख्येने आहेत; त्यांची घरची बोली कोकणी-मराठीच्या जवळची, शाळा कानडी आणि विद्यापीठाचा कारभार इंग्रजी. 2011 च्या जनगणनेनुसार कर्नाटकातील त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास भरते. याच समाजातील पहिल्या पदवीधरांपैकी एक म्हणून ओळखले जाणारे शांताराम सिद्दी 2020 साली राज्याच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले, आणि त्या नियुक्तीचे कौतुक करताना पहिला पदवीधर व पहिला आमदार हे दोन्ही मान एकाच पिढीत का आले असावेत, याचा विचार विद्यापीठांनी केल्याचे दिसले नाही.

पहिली तक्रार वेळेची आहे. पी. यू. सी. चा, म्हणजे बारावीचा, निकाल आणि प्रवेशाची अंतिम तारीख यांच्यामध्ये मोजके आठवडे असतात. त्या अवधीत तहसीलदाराचे जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वडिलांच्या शाळेच्या दाखल्याची प्रत आणि या सर्वांतील नावांची अक्षरे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. कर्नाटकात हे प्रमाणपत्र नाडकचेरीतून, म्हणजे होबळी या तालुक्याच्या महसुली विभागाच्या ठिकाणी असलेल्या सेवा केंद्रातून मिळते आणि त्यावर ‘आर. डी.’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो; तो क्रमांक संगणकावर टाकला की प्रमाणपत्र खरे की खोटे हे कोणत्याही कार्यालयाला बसल्या जागी पाहता येते. अशी सोय असताना मूळ प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा हजर करायला सांगणे, त्याच्या साक्षांकित प्रतींचे गठ्ठे मागणे आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवणे, याचे समर्थन कसे करणार? ज्या वडिलांचे शिक्षण दुसरी-तिसरीपर्यंतच झाले किंवा झालेच नाही, त्यांच्या शाळेचा दाखला मागणे हे तर त्यांच्या वंचिततेलाच अपात्रतेचे कारण बनवणे होय.

या बाबतीत कायदा विद्यार्थ्याच्या बाजूला आहे, ही गोष्ट प्रवेश समित्या क्वचितच ध्यानात घेतात. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या कुमारी माधुरी पाटील यांच्या प्रकरणात जात-पडताळणीची संपूर्ण पद्धत घालून दिली. महादेव कोळी असल्याचा दावा आणि व्यावसायिक अभ्यासक्रमातील प्रवेश असा त्या खटल्याचा विषय होता, आणि खोट्या दाव्यांना आळा घालणारा निकाल म्हणून तो सर्वत्र उद्‌धृत होतो. प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी पडताळणीसाठी अर्ज करावा, हे त्यातील वाक्य कार्यालयांना तोंडपाठ असते. त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की पडताळणीला उशीर होत असेल आणि प्रवेशाची मुदत संपत असेल, तर आधी मिळालेल्या प्रमाणपत्राच्या किंवा पालकाच्या शपथपत्राच्या आधारे विद्यार्थ्याला तात्पुरता प्रवेश द्यावा व तो चौकशीच्या निष्कर्षाच्या अधीन ठेवावा. निकालाचा पहिला अर्धा भाग तीस वर्षे पाळला गेला आणि दुसरा फायलीतच राहिला, असे म्हणण्याची वेळ येऊ नये. तात्पुरता प्रवेश ही मेहेरबानी नव्हे, ती न्यायालयाने सांगितलेली रीत आहे, आणि माहितीपुस्तिकेत तिचा स्पष्ट उल्लेख असावा ही या पत्रातील पहिली विनंती आहे.

दुसरी तक्रार धर्माशी निगडित आहे. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे. हिंदू, शीख किंवा बौद्ध असल्याशिवाय कोणी त्या यादीचा लाभ घेऊ शकत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र अशी कोणतीही अट नाही. म्हणूनच पोर्तुगीज वळणाचे आडनाव लावणारा ख्रिस्ती सिद्दी आणि मुस्लिम नाव धारण करणारा सिद्दी हे दोघेही हिंदू सिद्द्याइतकेच अनुसूचित जमातीचे आहेत, महाराष्ट्रात तडवी भिल्ल समाज बहुसंख्येने मुस्लिम असूनही जमातीत मोडतो तसेच. हा फरक कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतो. तरीही नाव वाचून ‘तुम्ही अल्पसंख्याक गटात अर्ज भरा’ असा सल्ला खिडकीतून मिळण्याची शक्यता राहतेच, आणि पहिल्यांदाच शहरात आलेला विद्यार्थी तो सल्ला आज्ञा समजून पाळतो. खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती नियमांचे एका पानाचे टिपण देण्याचे काम वरच्या मंडळींचे आहे.

याहून सूक्ष्म अडचण आहे ती ‘खऱ्या आदिवासी’ माणसाच्या प्रतिमेची. 1965 साली लोकूर समितीने जमात ओळखण्याचे पाच निकष सांगितले: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपण, इतर समाजाशी संपर्काबाबतचा बुजरेपणा आणि मागासलेपण. हे निकष आजही नव्या समाजांचे दावे तपासताना वापरले जातात. त्यांतील चौथा निकष प्रवेशाच्या संदर्भात वाचला तर त्याची गंमत, किंवा त्याची क्रूरता, लक्षात येते. ज्या तरुणीने संगणकावर अर्ज भरला, शुल्क जमा केले, मुलाखतीला येऊन उत्तरे दिली, ती बुजरी उरलेली नसते, मग ती आदिवासीही उरत नाही काय? महाराष्ट्रात छाननी समित्या ‘आप्तभाव चाचणी’ घेतात, म्हणजे अर्जदाराला त्याच्या जमातीच्या रूढी, दैवते, लग्नविधी आणि बोली यांविषयी प्रश्न विचारून त्याचे त्या समाजाशी असलेले नाते तपासतात. वसतिगृहात राहून शिकलेल्या कित्येक मुलांना ही उत्तरे देता येत नाहीत, कारण ज्या वयात ती शिकायची त्या वयात ती मुले आश्रमशाळेत पाढे पाठ करीत होती. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ठाकूर जमातीच्या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना, ही चाचणी म्हणजे जमात सिद्ध करण्याची निर्णायक कसोटी नव्हे असे स्पष्ट केले. सिद्दी तरुणाच्या वाट्याला तर याहूनही विचित्र परीक्षा येते: चेहरा पाहून त्याला परदेशी समजले जाते, आणि ज्याला आधी भारतीय असल्याचेच पटवून द्यायचे आहे त्याने जमातीचा दाखला कोणत्या क्रमाने पुढे करावा हा प्रश्नच आहे.

आता यादीबाहेर राहिलेल्यांविषयी. मराठी वाचकांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण उत्तर कन्नड आणि धारवाडच्या जंगलकडेला म्हशी-गाई राखून असलेला धनगर गवळी समाज घरात मराठीच बोलतो. हा समाज कर्नाटकात अनुसूचित जमातीत नाही, त्या दर्जाची त्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. जोयडा तालुक्यातील कुणब्यांची कथा याहून बोलकी आहे. 2003 साली ज्या कायद्याने उत्तर कन्नडचे सिद्दी यादीत आले त्याच कायद्याने गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप यांनाही जमातीचा दर्जा मिळाला, परंतु डोंगराच्या अलीकडच्या उतारावर राहणारा, तीच शेती आणि तेच देव असलेला जोयड्याचा कुणबी त्या कायद्याच्या बाहेर राहिला. हालक्की वक्कल समाजाचेही तसेच. त्यातील सुक्री बोम्मगौडा यांना 2017 साली लोकगीतांसाठी आणि पुढे तुळशी गौडा यांना झाडे जगवण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. राष्ट्रपती भवनाचा लाल गालिचा त्यांना खुला झाला, पण त्यांच्या नातवंडांना जमातीच्या राखीव जागेचा रकाना अजून खुला झालेला नाही.

गोव्याच्या कुणबी विद्यार्थ्याने धारवाडला शिकायला येण्याचे ठरवले, तर त्याचा गोव्यातील दर्जाही त्याच्याबरोबर येत नाही. 1990 साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की एका राज्यात जमातीचा असलेला माणूस दुसऱ्या राज्यात गेल्यावर तेथील राज्याच्या सवलतींसाठी जमातीचा ठरत नाही. योगायोग असा की तोही मुंबईच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचाच खटला होता. या नियमामागे तर्क आहे, पण सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच समाज राहत असेल तेव्हा तो तर्क थिटा पडतो. याद्या दुरुस्त करणे विद्यापीठांच्या हाती नाही, हे मान्यच आहे. त्यांच्या हाती काय आहे हे मात्र त्यांनीच विसरून चालणार नाही.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या अर्जदारांना जातीशिवाय, केवळ जिल्ह्याच्या आधारावर जादा गुण देण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठ 1972 पासून माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शिक्षणाची वेगळी प्रवेश योजना राबवते. तेथे मुलाखतीत विद्यार्थ्याची अभ्यासाची तयारी पाहिली जाते आणि ती कमी पडत असेल तर त्याला नाकारून घरी पाठवण्याऐवजी एका वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम सुचवला जातो. जोयड्यासारख्या तालुक्यातून, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील वस्तीवरून, मोबाइलची लहर पकडायला टेकडीवर चढणाऱ्या घरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला तालुका आणि शाळा यांच्या आधारावर वसतिगृहात प्राधान्य, शुल्कात सूट किंवा इंग्रजीचा प्राथमिक अभ्यासवर्ग देण्यासाठी संसदेच्या कायद्याची गरज नसते. त्यासाठी विद्वत्‌सभेत मांडला जाणारा एक ठराव पुरेसा असतो, आणि गवळी, कुणबी व हालक्की विद्यार्थ्यांच्या बाबतीत यादीची वाट न पाहता असा ठराव करावा ही या पत्रातील सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, पण ती शासनाच्या संकेतस्थळावरून अर्ज मंजूर होऊन मागाहून जमा होते आणि शुल्क मात्र प्रवेशाच्या दिवशी भरावे लागते. मधल्या महिन्यांचे कर्ज घरच्या म्हशीवर किंवा सावकाराकडून काढले जाते. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, आणि शासनाकडून रक्कम यायला उशीर झाला म्हणून परीक्षेचे प्रवेशपत्र रोखू नये, एवढेच.

आकड्यांविषयी मात्र जरा विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. कर्नाटकाने 2022 साली शिक्षण व नोकऱ्यांतील अनुसूचित जमातींचा वाटा तीन टक्क्यांवरून सात टक्क्यांवर नेला, आणि 2011 मध्ये राज्याच्या लोकसंख्येत जमातींचे प्रमाण 6.95 टक्के होते हे पाहता ही वाढ न्याय्यच होती. परंतु या सात टक्क्यांत वाल्मीकी नायकांसारखा लक्षावधींचा समाज आणि दहा हजारांचा सिद्दी समाज एकाच रांगेत उभे आहेत. राज्यातील ज्या दोन जमातींना केंद्र सरकार विशेष दुर्बल मानते, त्या जेनु कुरुब आणि कोरग याही त्याच रांगेत. राखीव जागा भरल्या, असे विद्यापीठाने जाहीर केले तर ते खरेच असेल, पण त्या कोणी भरल्या हे त्यातून कळत नाही. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात सर्व विद्यार्थ्यांचे स्थूल नोंदणी प्रमाण, म्हणजे अठरा ते तेवीस वयोगटाच्या लोकसंख्येच्या तुलनेत उच्च शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण, 28.4 टक्के आणि अनुसूचित जमातींचे 21.2 टक्के होते. सिद्द्यांचे किंवा गवळ्यांचे ते किती, हे राष्ट्रीय सर्वेक्षण सांगत नाही. विद्यापीठाला ते सांगता येईल, कारण प्रत्येक अर्जात समाजाचे नाव लिहिलेले असते. दर वर्षी किती सिद्दी विद्यार्थ्यांनी अर्ज केले, किती जणांना प्रवेश मिळाला, किती जण कागदांअभावी गळले आणि दुसऱ्या वर्षाला किती उरले, हे चार आकडे प्रसिद्ध करावेत. मोठ्या समाजाच्या हक्काला यामुळे बाध येत नाही. उलट सर्व जमातींच्या नावाने केलेली वाढ लहान समाजांपर्यंत पोहोचते की नाही, हे तपासायला सुरुवात तरी होईल.

आणखी एक विनंती जागेविषयी. मदतकेंद्रे विद्यापीठांच्या आवारात, कार्यालयीन वेळेत आणि बहुधा इंग्रजी फलकाखाली असतात, तर यल्लापूर-मुंडगोडची पहिली गाडी गोकुळ रोडवर उतरते ती वेगळ्याच वेळी. परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर असल्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत बसस्थानकावर एक टेबल मांडायला परवानगी मिळवणे अवघड नाही. तेथे बसणाऱ्याला कानडी तर यावीच, पण कोकणी-मराठीही समजावी, त्याच्याकडे आर. डी. क्रमांक तपासण्याची सोय असावी, आणि तेथे भरलेला तात्पुरत्या प्रवेशाचा अर्ज विद्यापीठात भरलेला मानला जावा. जमल्यास या कामासाठी सिद्दी व गवळी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानधन देऊन नेमावे. ते कोणत्याही परिपत्रकापेक्षा अडचणी नेमक्या ओळखतात.

शेवटी, येत्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत, कानडी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत, पहिल्याच पानावर पुढील मजकूर छापावा: अनुसूचित जमातीचा अर्जदार कोणत्याही धर्माचा असू शकतो; प्रमाणपत्राला किंवा पडताळणीला उशीर झाल्यास शपथपत्रावर तात्पुरता प्रवेश मिळेल; आणि प्रमाणपत्र खरे की खोटे हे तपासण्याची जबाबदारी विद्यापीठाची आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक मराठी भाषक रहिवासी
गोकुळ रोड, हुबळी